डी-क्लास ॲम्प्लिफायर घरी बांधताना : आधी स्पीकर, मग सप्लाय, शेवटी बोर्ड

घरी बांधलेला ॲम्प पहिल्याच दिवशी जळतो तेव्हा दोष सहसा सोल्डरिंगला दिला जातो. बहुतेक वेळा चूक त्याच्या आधीच, खरेदीच्या वेळी झालेली असते. वॅटचा मोठा आकडा पाहून बोर्ड घेतला जातो, घरात पडलेला ट्रान्सफॉर्मर त्याला जोडला जातो आणि जे स्पीकर आहेत ते मागे लावले जातात. हा क्रम नेमका उलटा आहे. ज्या स्पीकरवर ऐकायचं आहे त्यावरून व्होल्टेज ठरतं, व्होल्टेजवरून सप्लाय ठरतो आणि या दोन्हींना झेपेल असा बोर्ड सगळ्यात शेवटी घ्यायचा असतो.

डी-क्लास ॲम्पला बाजारात ‘डिजिटल ॲम्प’ म्हणतात, पण चिपमध्ये जाणारा सिग्नल अॅनालॉगच असतो. चिप सप्लायचं व्होल्टेज सेकंदाला चार लाख किंवा त्याहून जास्त वेळा चालू-बंद करते, पुढची कॉइल आणि कपॅसिटर त्यातून संगीत गाळून काढतात. इथे उदाहरणाला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३११६डी२ ही चिप घेतली आहे. ती सहज मिळते, दोन चॅनेल चालवते, ४.५ ते २६ व्होल्टवर चालते आणि घरातल्या खोलीला पुरून उरते. पीएएम८४०३ (५ व्होल्ट, चॅनेलमागे ३ वॅट) किंवा टीडीए७४९८ (३६ व्होल्टच्या आसपास) घेतलीत तर आकडे बदलतील, टप्पे हेच राहतील.

## टप्पा १ : स्पीकर मोजा

मल्टीमीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून जो आकडा दिसेल (बहुधा ०.२ ते ०.५) तो लिहून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक मापातून वजा करा. मग स्पीकरच्या दोन टोकांमध्ये मोजा. ८ ओहमचा स्पीकर ६ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३.२ ते ३.६. मीटर डीसी रोध मोजतो, त्यामुळे आकडा छापील किमतीपेक्षा कमी येणारच. तो दोष नव्हे.

एका डब्यात दोन वूफर असतील तर मागच्या पट्टीवरच मोजा. ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की २ ओहम होतात आणि ही चिप स्टिरिओत ४ ओहमच्या खाली नेऊ नये. आवाज कमी असेपर्यंत चालेल. वाढवलात की दर ठोक्याला चिप स्वतःला बंद करेल, आणि सप्लाय खराब आहे असं वाटून तुम्ही तो बदलत बसाल.

दुसरा आकडा सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणून ८५ डेसिबलच्या स्पीकरला १०० वॅट देण्यापेक्षा ९० डेसिबलच्या स्पीकरला ५० वॅट दिलेले जास्त मोठे वाजतात. स्पीकर बदलायची मुभा असेल तर पैसे तिथे घाला.

तपासणी : प्रत्येक स्पीकरला १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला की कोन बाहेर यायला हवा. आत गेला तर आतली वायर उलटी आहे. खूण करून ठेवा.

## टप्पा २ : व्होल्टेज ठरवा, मग सप्लाय घ्या

बोर्डावरचे वॅट बोर्ड देत नाही, सप्लाय देतो. हिशोब छोटा आहे : सप्लायच्या व्होल्टेजमधून चिपमधली १ ते ३ व्होल्टची घट वजा करा, उरलेल्याचा वर्ग करा, त्याला स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागा. ही एका चॅनेलची स्वच्छ वाजणारी कमाल ताकद.

१२ व्होल्टवर ८ ओहमला साधारण ७.५ वॅट मिळतात, ४ ओहमला १५. १९ व्होल्टवर १९ आणि ३६. २४ व्होल्टवर ८ ओहमला ३० च्या थोडे वर आणि ४ ओहमला ५५ च्या आसपास, पण तिथे चिप बरीच तापते. म्हणून ८ ओहमला २४ व्होल्ट आणि ४ ओहमला १९ ते २१ व्होल्ट ही जोडी धरा. उत्पादकानेही चॅनेलमागे ५० वॅटचा आकडा ४ ओहमवर २१ व्होल्टला दिलेला आहे आणि तोही १० टक्के विकृतीसह, म्हणजे आवाज फाटायला लागल्यावरचा.

‘२ × १२० वॅट’ छापलेले दोन चिपचे बोर्डही या हिशोबाने तपासा. त्यात प्रत्येक चॅनेलला एक अख्खी चिप समांतर जोडलेली असते. समांतर जोडल्याने करंट वाढतो, व्होल्टेज नाही. २४ व्होल्टवर ४ ओहमचा स्पीकर त्या बोर्डावरही ६० वॅटच्या पुढे स्वच्छ जाणार नाही. १२० वॅटना २ ओहमचा स्पीकर लागतो, आणि तो तुमच्या घरात नाही.

आता सप्लाय. तीन मार्ग आहेत.

जाळीच्या पत्र्यातला एसएमपीएस (तयार स्विचिंग पॉवर सप्लाय), २४ व्होल्ट ५ अँपिअर. ८ ओहमच्या जोडीला हा उत्तम. दोन्ही चॅनेल पूर्ण ताकदीने चालले तरी ३ अँपिअरच्या आत काम भागतं, उरलेली गुंजाईश ढोलाच्या ठोक्याला उपयोगी येते. पट्टीजवळ व्होल्टेज फिरवायचा छोटा स्क्रू असतो. त्याने काही सप्लाय २६ च्या वर जातात. काहींच्या बाजूला ११०/२२० चा स्विच असतो. तो २२० वर आहे हे आधी पाहा.

लॅपटॉपचा ॲडॅप्टर, १९ व्होल्ट, ९० वॅट. ४ ओहमच्या स्पीकरला नेमका बसतो, आणि मेन्सच्या, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या विजेच्या, वायरिंगला हात लावायचा नसेल तर हाच घ्यावा. गोल पिनचा घ्या. टाइप-सी चार्जर आपणहून फक्त ५ व्होल्ट देतो, जास्त मिळवायला मध्ये ट्रिगर बोर्ड लागतो.

ट्रान्सफॉर्मर. सर्वाधिक चिप इथे उडतात. १२-०-१२ ची दोन्ही बाहेरची टोकं ब्रिजला (एसीचा डीसी करणाऱ्या चार डायोडना) जोडून ‘२४ व्होल्ट’ मिळाले असं धरलं जातं. ते २४ व्होल्ट एसी आहेत. फिल्टर कपॅसिटरवर त्याचे १.४१४ पट, म्हणजे ३२ ते ३४ व्होल्ट डीसी येतात आणि चिप जागीच जाते. १८-०-१८ मधला तार घेतला तरी धोका आहे : ट्रान्सफॉर्मर रिकामा असताना दहाएक टक्के जास्त देतो, रात्री उशिरा घरातलं व्होल्टेज २५० ला जातं, आणि हे सगळं मिळून डीसी ३० पर्यंत पोहोचतं. १५-०-१५, ३ अँपिअर घ्या. बाहेरच्या दोन टोकांना १एन५४०८ चे दोन डायोड, डायोडची पट्टीकडची दोन्ही टोकं एकत्र करून तो प्लस, मधला तार मायनस, आणि मध्ये ४७०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचे दोन कपॅसिटर समांतर. असा सप्लाय कामात २० च्या आसपास राहतो आणि सगळं वाईट जुळून आलं तरी २५ च्या आत थांबतो.

सावधान : बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरवर २५ व्होल्ट छापलेलं असेल तर २४ व्होल्टचा सप्लाय लावू नका. ३५ व्होल्टचे हवेत. स्वस्त बोर्डांवर २५ चे सर्रास लावलेले असतात.

## टप्पा ३ : बोर्ड निवडा

टीपीए३११६ ही ३२ बारीक पायांची चिप आहे. तिचे पाय साध्या आयर्नने पहिल्याच प्रयत्नात नीट लागत नाहीत. म्हणून चिप आधीच लावलेला आणि बाकीचे मोठे भाग आपण लावायचे असा किट घ्या, नाहीतर पूर्ण तयार बोर्ड घ्या. तयार बोर्ड घेण्यात कमीपणा काही नाही. सप्लाय, वायरिंग, डबा आणि अर्थिंग हे काम तरीही तुमचंच असतं आणि ॲम्प चांगला वाजतो की घोंघावतो ते तिथेच ठरतं.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत बोर्ड हातात घेऊन पाहता येतो. ऑनलाइन घेत असाल तर फोटो मोठा करून पाहा :

हीटसिंक. या चिपची उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी वरच्या बाजूला असते, म्हणून तिच्यावर हीटसिंक हवाच. टीपीए३११८ ही तिची बहीण पट्टी खाली ठेवते आणि बोर्डाच्या तांब्यातून थंड होते, ती ८ ओहमवर ३० वॅटपर्यंत हीटसिंकशिवाय चालते. हीटसिंक नसलेल्या बोर्डाला कोणी ३११६ म्हणून मोठे वॅट सांगत असेल तर सोडून द्या.

कॉइल. स्टिरिओ बोर्डावर चार हव्यात, प्रत्येकी १० मायक्रोहेन्रीच्या आसपास, अंगठ्याच्या नखाएवढ्या तरी. शेंगदाण्याएवढ्या कॉइल मोठ्या ठोक्याला संतृप्त होतात, बास चिरका होतो. कॉइल अजिबात नसलेला बोर्ड लांब वायरीच्या स्पीकरला लावू नका, ती वायर रेडिओसाठी अँटेना बनते.

गेन, म्हणजे चिप सिग्नल किती मोठा करते. ही चिप २०, २६, ३२ किंवा ३६ डेसिबलवर ठेवता येते. २६ म्हणजे २० पट. मोबाइलसाठी २६ पुरेसा : २४ व्होल्टच्या सप्लायला पाऊण व्होल्टच्या सिग्नलवर पूर्ण ताकद निघते. २ व्होल्ट देणारा डॅक (डिजिटल संगीताचा अॅनालॉग सिग्नल करणारं यंत्र) लावणार असाल तर २० डेसिबल बरा. ३६ वर ठेवलेला बोर्ड गाणं थांबलं की ‘सऽऽ’ करत राहतो आणि व्हॉल्यूम पहिल्या पाव फेऱ्यात संपतो.

पॉट, म्हणजे व्हॉल्यूमचं बटण. किटमध्ये बहुधा ‘बी ५० के’ येतो. ‘बी’ म्हणजे लिनिअर. त्यात आवाज सुरुवातीलाच उसळतो आणि पुढे फिरवलं तरी फारसा बदलत नाही. ‘ए’ लिहिलेला ड्युअल लॉग पॉट, १० किंवा २० के, वेगळा घ्या.

## टप्पा ४ : सामान एका ताटात

काम अर्धवट सोडून दुकानात धावलात की चुका होतात. सुरू करण्याआधी हे समोर हवं : २५ वॅटचा किंवा तापमान ठरवता येणारा आयर्न, ०.८ मिलिमीटरची ६०/४० सोल्डर वायर, रोझिनचा फ्लक्स (नळदुरुस्तीची ॲसिडवाली पेस्ट नको, ती महिन्याभरात तांबं खाते), आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. ८.२ ओहम १० वॅटचे दोन सिमेंट रेझिस्टर आणि ३३ ओहम १० वॅटचा एक, फक्त चाचणीसाठी. तीन पिनचं सॉकेट फ्यूजसह, २ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज आणि डीसीच्या वाटेवर ५ अँपिअरचा. साधा फास्ट फ्यूज एसएमपीएस चालू होतानाच्या झटक्याला उडतो, आणि मग लोक वैतागून तिथे तार गुंडाळतात. सप्लाय आणि स्पीकरसाठी १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, इनपुटसाठी शील्डवाली.

आणि सिरीज बल्ब, म्हणजे मेन्सच्या एका तारेत मध्ये जोडायचा बल्ब, जो शॉर्ट असल्यास करंट रोखतो : साधा फिलामेंटचा, ६० किंवा १०० वॅटचा. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही.

## टप्पा ५ : सोल्डरिंग

बुटक्या भागांपासून उंच भागांकडे जा : रेझिस्टर, सिरॅमिक कपॅसिटर, कनेक्टर, कॉइल, शेवटी मोठे इलेक्ट्रोलिटिक आणि पॉट. उंच भाग आधी लावला की बोर्ड उलटा केल्यावर छोटे भाग खाली घरंगळतात आणि तिरके बसतात.

आयर्न ३३० ते ३५० अंशांवर. टोक पॅड आणि पाय या दोघांना एकदम टेकवा, दोन सेकंद थांबा, मग वायर पॅडवर द्या, टोकावर नाही. चांगला जोड चकचकीत, पायाभोवती चढत गेलेला असतो. पॅडवर मण्यासारखा गोळा बसला असेल तर तो जोड वरूनच चिकटला आहे. फ्लक्स लावून पुन्हा तापवा. सप्लाय आणि कॉइलचे पॅड जाड तांब्याला जोडलेले असतात, ते उष्णता ओढून घेतात. तिथे चार-पाच सेकंद द्या.

दिशा चुकण्याची ठिकाणं ठरलेली आहेत. उभ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर पट्टी असलेला पाय मायनस, बोर्डावर पांढरा भरलेला अर्धगोल मायनस. चपट्या टॅन्टलमवर मात्र पट्टी प्लसची असते. डायोडवर पट्टी कॅथोडची. उलटा लागलेला इलेक्ट्रोलिटिक पाच-दहा सेकंद शांत बसतो आणि मग फुटतो, म्हणून पहिल्यांदा चालू करताना चेहरा बोर्डावर आणू नका.

काम झालं की अल्कोहोलने बोर्ड घासून धुवा आणि पूर्ण वाळू द्या. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर हे टाळूच नका. पावसाळ्यात राहिलेला फ्लक्स ओल धरतो आणि पायांमध्ये हळूहळू हिरवट थर चढतो.

तपासणी : हीटसिंकची कड शेजारच्या कपॅसिटरला किंवा कॉइलच्या उघड्या तारेला लागत नाही ना? भिंग आणि टॉर्च घेऊन चारही बाजूंनी पाहा. हीटसिंक नुसता दुहेरी टेपने चिकटवलेला असेल तर काढा, पातळ थर्मल पेस्ट लावा आणि स्क्रूने बसवा.

## टप्पा ६ : वीज लावण्याआधी मीटर

सप्लाय जोडायच्या दोन पट्ट्यांमध्ये मीटर ओहमवर ठेवा. आकडा कमीपासून चढत जायला हवा, कारण कपॅसिटर भरत असतो. शून्याच्या जवळच थांबला तर शॉर्ट आहे, पुढे जाऊ नका.

नंतर प्रत्येक स्पीकर टोकापासून ग्राउंडपर्यंत आणि प्लसपर्यंत मोजा. चारही टोकं एकमेकांसारखीच दिसली पाहिजेत. एकच वेगळं निघालं तर तिथल्या कॉइलखाली सोल्डरचा थेंब शोधा.

## टप्पा ७ : सप्लाय एकटा चालवा

बोर्ड न जोडता एसएमपीएस सिरीज बल्बमधून चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद होईल किंवा विझेल. भगभगीत पेटून राहिला तर सप्लाय आतून शॉर्ट आहे. ठीक असेल तर बल्ब काढा, थेट लावा, डीसी मोजा आणि स्क्रूने २४ किंवा किंचित खाली आणा. फिरवताना मीटर जोडलेला ठेवा.

सावधान : एसएमपीएसचं झाकण उघडू नका. आतला कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्टला भरतो आणि प्लग काढल्यावरही काही मिनिटं भरलेला राहतो.

## टप्पा ८ : बोर्ड पहिल्यांदा, स्पीकरशिवाय

सप्लाय बंद असतानाच बोर्ड जोडा. चालू सप्लायला वायर टेकवली की ठिणगी पडते आणि त्या झटक्यात व्होल्टेज क्षणभर बरंच वर उसळतं. २४ च्या सप्लायवर २६ ची मर्यादा ओलांडायला तेवढं पुरतं. प्लस-मायनस दोनदा पाहा, कारण स्वस्त बोर्डांना उलट्या जोडणीपासून संरक्षण नसतं.

प्लसच्या वायरीत ३३ ओहमचा रेझिस्टर घाला, इनपुटला काही लावू नका, व्हॉल्यूम शून्यावर ठेवा आणि चालू करा. रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये व्होल्ट मोजा. १ ते २.५ असेल तर बोर्ड ३० ते ७५ मिलिअँपिअर घेतोय, म्हणजे सगळं ठीक. ब्लूटूथ असेल तर थोडं जास्त. ५ च्या वर जात असेल तर लगेच बंद करा. या एका पाच-दहा रुपयांच्या रेझिस्टरने चिप वाचते, म्हणून ही पायरी कंटाळा आला तरी गाळू नका.

आता रेझिस्टर काढून थेट जोडा आणि दोन मापं घ्या. पहिलं, प्रत्येक स्पीकर टोक ते ग्राउंड : बहुतेक बोर्डांवर सप्लायच्या अर्धं, म्हणजे १२ व्होल्टच्या आसपास दिसेल. काही बोर्डांवर चिप दुसऱ्या पद्धतीने चालवलेली असते, तिथे आकडा बराच कमी येतो. त्याने बिघडत नाही, फक्त चारही टोकं सारखी हवीत. दुसरं, एकाच चॅनेलच्या प्लस आणि मायनसमध्ये : काही मिलिव्होल्ट, फार तर पन्नासएक. इथे पूर्ण व्होल्ट दिसत असतील तर स्पीकर लावू नका. स्पीकरची कॉइल जळेल.

पहिलं माप नीट लक्षात ठेवा. त्या १२ व्होल्टमध्येच या ॲम्पची सर्वांत मोठी अडचण आहे. स्पीकरचा मायनस हा ग्राउंड नाही, तोही जिवंत आहे. एलए४४४० या जुन्या चिपच्या ॲम्पवर दोन्ही स्पीकरचे मायनस एकत्र करून एकच वायर नेता यायची. इथे तसं केलंत तर दोन चॅनेल एकमेकांवर शॉर्ट होतात. मायनस डब्याच्या पत्र्याला लागू देऊ नका. स्पीकरच्या टोकांवरून हेडफोनचा जॅक काढू नका, कारण जॅकचा मागचा भाग (स्लीव्ह) डाव्या-उजव्या दोन्हींना सामाईक असतो. व्हीयू मीटर (आवाजाची पातळी दाखवणारा काटा) किंवा दुसऱ्या ॲम्पचं इनपुट तिथून घेऊ नका. गाडीत बसवत असाल तर बॉडीवरून आलेली जुनी स्पीकर वायर कापून प्रत्येक स्पीकरला दोन नव्या वायरी न्या.

## टप्पा ९ : डमी लोड, मग स्पीकर

८.२ ओहमचे रेझिस्टर स्पीकरच्या जागी लावा. मोबाइलवर १०० हर्ट्झचा टोन वाजवा. वरचा टोन नको, साधे मीटर एसी व्होल्ट काहीशे हर्ट्झपर्यंतच धड दाखवतात. व्हॉल्यूम हळूहळू वाढवून दोन्ही चॅनेलवर ५ व्होल्ट एसी आणा. हे ३ वॅट झाले. दहा मिनिटं असंच ठेवा. रेझिस्टर चटका देण्याइतका तापेल, त्याला हात लावू नका आणि लाकडावर ठेवू नका. चिपचा हीटसिंक कोमट राहायला हवा. एका चॅनेलची कॉइल दुसरीपेक्षा खूप गरम असेल तर त्या बाजूचा फिल्टर कपॅसिटर चुकीच्या किमतीचा आहे किंवा जोड कच्चा आहे.

मग स्पीकर. पहिल्यांदा तुमचे चांगले स्पीकर लावू नका, एखादा जुना टीव्हीचा किंवा रेडिओचा घ्या, तोही मोजून, कारण ४ ओहमचा नियम त्यालाही लागू आहे. तो पंधरा मिनिटं नीट वाजला की खरे लावा. दोन्ही लावल्यावर बास गायब झाला आणि गायकाचा आवाज मधून न येता चहूकडे पसरला तर एका स्पीकरच्या वायरी उलट्या आहेत. टप्पा १ ची खूण इथे कामाला येते.

## टप्पा १० : डबा आणि अर्थिंग

पत्र्याचा डबा घ्या. एसएमपीएस आणि बोर्ड यांच्यात किमान पाच सेंटिमीटर अंतर ठेवा, इनपुटची वायर कॉइलच्या वरून नेऊ नका. इनपुट एका बाजूला, वीज दुसऱ्या बाजूला. वर आणि खाली दोन्हीकडे भोकं हवीत. फक्त वर पाडली तर थंड हवा आत यायला वाट राहत नाही.

तिसऱ्या पिनचा अर्थ आधी डब्याच्या पत्र्याला जोडा : रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून, स्वतंत्र बोल्टवर. तिथूनच एसएमपीएसच्या अर्थ पट्टीवर. अर्थ नसेल तर एसएमपीएसच्या आतल्या गाळणीचे कपॅसिटर डब्याला मेन्सच्या अर्ध्या व्होल्टेजवर तरंगत ठेवतात. करंट थोडा असतो, पण बोटाला झिणझिण्या येतात, आणि तीच झिणझिण जोडलेल्या मोबाइलपर्यंत जाते. घरातल्या सॉकेटला अर्थ नसेल तर आधी ते वायरमनकडून करून घ्या.

फ्यूज आणि स्विच फेजच्या तारेत हवेत, न्यूट्रलमध्ये नाहीत. मेन्सच्या प्रत्येक जोडावर हीटश्रिंक नळी चढवा. डब्यातून आत येणाऱ्या वायरीला रबरी बुश घाला.

## टप्पा ११ : आवाजातले दोष

‘घूंऽ’ असा सलग आवाज. इनपुटची वायर काढा. थांबला तर दोष ॲम्पमध्ये नाही, कॉम्प्युटर आणि ॲम्प दोघांच्या अर्थमधून फिरणारा लूप आहे. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावा, तरी राहिला तर मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. आवाज घालवायला अर्थची पिन कापणारे पुष्कळ आहेत. ते करू नका. पिन कापली की एसएमपीएसमध्ये एक दोष निर्माण होताच पूर्ण डबा फेजवर जातो.

वायर काढूनही घूं राहिला, तर पॉटच्या धातूच्या अंगाला बोट लावा. कमी झाला तर त्या अंगापासून इनपुटच्या ग्राउंडला एक तार जोडा.

ब्लूटूथ लावल्यावर चिरचिर. मॉड्यूल आणि ॲम्प एकाच सप्लायवर असले की मॉड्यूलचा करंट ऑडिओच्या ग्राउंडमधून परततो आणि ऐकू येतो. मोठा कपॅसिटर लावून हे जात नाही. मॉड्यूलच्या ५ व्होल्टच्या वाटेत बी०५०५एस हा आयसोलेटेड कन्व्हर्टर घाला. तो १ वॅटचा, म्हणजे २०० मिलिअँपिअरचा आहे आणि ब्लूटूथला पुरतो.

मोठ्या आवाजात तुटक तुटक. आधी तसंच वाजत असताना सप्लायचं व्होल्टेज मोजा. ठोक्याला २४ चे १८ होत असतील तर सप्लाय किंवा बारीक वायर कमी पडतेय. व्होल्टेज स्थिर असेल तर हीटसिंक पाहा. तोही थंड असेल तर स्पीकरचे ओहम पुन्हा मोजा, मायनस कुठे पत्र्याला टेकतोय का ते शोधा.

एकच चॅनेल बंद. स्पीकर अदलाबदल करा, मग इनपुटच्या डाव्या-उजव्या वायरी. दोष स्पीकरबरोबर गेला तर स्पीकर, इनपुटबरोबर गेला तर वायर किंवा पॉट. दोन्ही वेळा त्याच जागी राहिला तर बोर्ड : टप्पा ६ आणि ८ ची मापं त्या चॅनेलवर पुन्हा घ्या.

डबा बंद केल्यावर तासभर नेहमीच्या आवाजात वाजवा, प्लग काढा, दहा मिनिटं थांबा आणि मग उघडा. हीटसिंकला बोट पाच सेकंद ठेवता आलं पाहिजे. नाही आलं तर भोकं वाढवा किंवा सप्लाय दोन व्होल्टने खाली आणा. मेन्स आणि स्पीकरच्या पट्टीवरचे सगळे स्क्रू पुन्हा एकदा आवळा. तापून थंड झाल्यावर तांब्याची वायर दबते आणि पहिल्या दिवशी घट्ट वाटलेला स्क्रू अर्धा फेरा तरी फिरतो.